उसन्या पैशाची बचत

आखाती देशांत स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतून गेली काही वर्षे एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. पगार बँकेत जमा होतो, तो नियमित आहे असे दिसताच बँकेचा प्रतिनिधी दूरध्वनी करतो आणि वैयक्तिक कर्ज देऊ करतो. त्याच सुमारास दुसरा कोणी गृहस्थ एखाद्या बचत योजनेची, म्युच्युअल फंडाची किंवा भारतातील मुदत ठेवीची माहिती घेऊन येतो. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पडले की मनात एक हिशोब सुरू होतो : इकडून कमी व्याजाने घ्यावे, तिकडे जास्त व्याजाने ठेवावे, मधला फरक आपला. वरकरणी हा हिशोब इतका सरळ आहे की तो न करणारा माणूसच अडाणी ठरावा. कर्ज काढून बचत करणे खरोखरच लाभाचे आहे काय, याचा विचार या स्मरणिकेच्या पानांवर करावा असे आम्हांस वाटले. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. पगारावर जगणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना हा व्यवहार परवडणारा नाही. परंतु नुसते 'नाही' म्हणून भागणार नाही. ते का, हे आकड्यांनी सिद्ध केले पाहिजे.

कारण आपल्या समाजात कर्जाविषयी जी भीती आहे ती आकड्यांतून आलेली नाही, ती आठवणींतून आलेली आहे. सावकाराच्या वहीवर उठवलेला अंगठा आणि मुद्दलाच्या कितीतरी पट व्याज भरूनही न सुटणारा जमिनीचा तुकडा आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, तो उठाव अहमदनगर जिल्ह्यातही पसरला, आणि सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्यांच्या नावावर जमीनही नव्हती त्यांची स्थिती शेतकऱ्यांहून हलाखीची होती, हे वेगळे सांगावयास नको. ही आठवण मोलाची आहे, पण तिला युक्तिवादाची जागा देता येत नाही. आजची तरुण पिढी विचारते, "कर्ज वाईटच असेल तर जगातले उद्योग कर्जावर कसे चालतात?" आणि तिचा प्रश्न रास्त आहे.

स्वतः बाबासाहेबांनी कर्ज काढले होते. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून काटकसरीने साठविलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढी त्यांची शिदोरी होती. त्या कर्जाचे काय झाले हे आपण जाणतो; १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा कर्ज घ्यावे की नाही एवढाच प्रश्न नसून, ते कशासाठी घ्यावे, कोणत्या चलनात घ्यावे आणि फेडण्याचे साधन काय, हा खरा प्रश्न आहे. त्या ग्रंथाकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

प्रथम साधे अंकगणित पाहू. संयुक्त अरब अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने २०११ साली केलेल्या नियमांनुसार वैयक्तिक कर्ज पगाराच्या वीस पटींपर्यंत देता येते, ते जास्तीत जास्त ४८ महिन्यांत फेडावे लागते, आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. समजा, एकाने १ लाख दिरहम घेतले आणि प्रतिनिधीने त्याला व्याजाचा दर '४ टक्के' सांगितला. हा दर बहुधा 'फ्लॅट' असतो. म्हणजे मुद्दल दरमहा कमी होत असले तरी व्याज मात्र चारही वर्षे संपूर्ण लाखावर धरलेले असते. चार वर्षांचे व्याज १६ हजार, एकूण परतफेड १ लाख १६ हजार, हप्ता २,४१७ दिरहम. आता घटत्या मुद्दलावर हाच दर काढला तर तो चार टक्के राहत नाही, साडेसात टक्क्यांच्या जवळ जातो. शिवाय प्रक्रिया-शुल्क आणि कर्जाचा विमा निराळा. ज्या फंडात सहा टक्के मिळतात तेथे 'चार टक्क्यांचे' कर्ज काढून पैसे घालणारा माणूस पहिल्याच दिवशी तोट्यात असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते. कर्जाच्या कागदावर घटत्या मुद्दलावरचा दरही छापलेला असतो. प्रतिनिधी बोलतो तो दर आणि कागदावरचा तो दर यांतला दुसराच विचारात घ्यावा.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. जो माणूस चार वर्षे दरमहा २,४१७ दिरहमचा हप्ता भरू शकतो, तो चार वर्षे दरमहा २,४१७ दिरहम वाचवूही शकतो. तेव्हा तुलना 'कर्ज काढून गुंतवणूक' आणि 'काहीच न करणे' यांच्यात करावयाची नसून, 'कर्ज काढून एकरकमी गुंतवणूक' आणि 'तोच हप्ता दरमहा स्वतःच्या नावे ठेवणे' यांच्यात करावयाची आहे. फंडाने वर्षाला ४ टक्के दिले तर कर्जाचा एक लाख चार वर्षांनी सुमारे १ लाख १७ हजार होतो. दरमहा हप्ता साठविणाऱ्याकडे मात्र सुमारे १ लाख २५ हजार जमतात. साडेसात टक्के दिले तर दोघेही बरोबरीत येतात. फंडाने सलग चार वर्षे १२ टक्के दिले तरच कर्जदार सुमारे १३ हजार दिरहमने पुढे जातो. याउलट चार वर्षांच्या अखेरीस फंड तीस टक्क्यांनी खाली असला तर कर्जदाराच्या हाती ७० हजार राहतात आणि त्यासाठी त्याने १ लाख १६ हजार मोजलेले असतात. मासिक बचत करणाऱ्यालाही अशा पडझडीत तोटा होतो. पण त्याचे काही हप्ते स्वस्त दराने गुंतलेले असतात, आणि मुख्य म्हणजे अडचणीच्या महिन्यात तो आपला हप्ता थांबवू शकतो. बँकेचा हप्ता थांबविता येत नाही. दोन मार्गांतला खरा भेद आमच्या मते येथे आहे, टक्क्यांत नाही.

आता चलनाचा विषय. डिसेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या एन.आर.ई. रुपया ठेवींवरील व्याजदरांचे नियंत्रण उठविले आणि काही दिवसांतच भारतीय बँका नऊ टक्के व त्याहून अधिक व्याज देऊ लागल्या. हे व्याज भारतात करमुक्त. दुबई, शारजा, अबुधाबीतील भारतीयांत त्या काळी एकच चर्चा होती : येथे दिरहममध्ये कर्ज काढा, तेथे नऊ टक्क्यांनी ठेवा. तेव्हा एका दिरहमला सुमारे १४ रुपये ४५ पैसे मिळत होते. म्हणजे १ लाख दिरहमचे १४ लाख ४५ हजार रुपये झाले. दोन वर्षांत नऊ टक्क्यांनी त्यांचे सुमारे १७ लाख २६ हजार झाले. रुपयांत पाहिले तर वाढ पावणेतीन लाखांच्या वर. परंतु २०१३ च्या अखेरीस दिरहमचा भाव सुमारे १६ रुपये ८० पैसे झालेला होता, आणि त्या भावाने या रकमेचे सुमारे १ लाख २ हजार ७०० दिरहम होतात. दोन वर्षांत जेमतेम पावणेतीन टक्के वाढ. आणि कर्जाचे व्याज साडेसात टक्क्यांच्या घरातले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, जेव्हा डॉलर ६८ रुपयांच्या पलीकडे गेला होता, तेव्हा पैसे परत आणण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याचे तर मुद्दलही परत आले नसते. दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया कशाशीही बांधलेला नाही. नऊ टक्क्यांतला बराचसा भाग हा रुपयाच्या घसरणीची आगाऊ दिलेली भरपाई असते, असे म्हटले तरी चालेल.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आपल्या घराघरांतील कपाटात असते. ते उघडण्याचे प्रसंग कमी येतात. त्यात बाबासाहेबांनी दाखविलेली एक अडचण येथे तंतोतंत लागू पडते. १८७३ नंतर चांदी घसरू लागली आणि तिच्याबरोबर रुपयाही. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९० नंतरच्या वर्षांत सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. हिंदुस्थान सरकारचे उत्पन्न चांदीच्या रुपयांत होते, आणि इंग्लंडमध्ये दरवर्षी द्यावयाची देणी सोन्यात. देण्याचा पौंडांतील आकडा न बदलताही ते भागविण्यासाठी अधिकाधिक रुपये मोजावे लागत, आणि तो भार अखेरीस येथील करदात्यावर पडे. उत्पन्न एका चलनात आणि देणे दुसऱ्या चलनात असले की काय होते, त्याचे हे उदाहरण. आपला माणूस दुबईत नोकरीत असेपर्यंत त्याचे उत्पन्न आणि कर्ज एकाच चलनात असतात. ज्या दिवशी तो नोकरी गमावून नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला परततो, त्या दिवसापासून त्याची अवस्था त्या काळच्या सरकारी तिजोरीसारखी होते. फरक इतकाच की कर वसूल करण्यासाठी त्याच्याकडे रयत नसते.

निष्पक्षपणे सांगावयाचे तर उसन्या पैशाची ठेव लाभदायक ठरल्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच काळात घडले आहे. ४ सप्टेंबर २०१३ रोजी डॉ. रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेची सूत्रे हाती घेतली. रुपया सावरण्यासाठी त्यांनी बँकांना अशी सवलत दिली की, अनिवासी भारतीयांकडून किमान तीन वर्षांसाठी परकीय चलनातील म्हणजे एफ.सी.एन.आर. ठेवी आणा, त्या डॉलरच्या विनिमयाची जोखीम साडेतीन टक्के दराने रिझर्व्ह बँक घेईल. नोव्हेंबरअखेरपर्यंत त्या खिडकीतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले. त्यांतील फार मोठा भाग ठेवीदारांच्या खिशातील नव्हता, तर परदेशी बँकांनी ठेवीदारांना दिलेल्या कर्जाचा होता. समजा, एखाद्याने स्वतःचे एक लाख डॉलर घातले आणि नऊ लाख तीन टक्क्यांनी उसने घेतले. दहा लाखांवर पाच टक्क्यांनी पन्नास हजार व्याज आले, त्यातून सत्तावीस हजार कर्जाचे व्याज गेले, तर उरलेले तेवीस हजार त्याच्या एका लाखावरील उत्पन्न ठरते. २०१६ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये या ठेवींची मुदत संपली आणि पैसे सुरळीत परत गेले.

मग हा मार्ग आपणही का धरू नये? त्या व्यवहारात काय काय जुळून आले होते ते पाहा. कर्ज डॉलरमध्ये, ठेवही डॉलरमध्ये. ठेवीचा दर आरंभीच ठरलेला आणि मुदत ठरलेली. ठेव हेच तारण, पगाराचा त्यात संबंध नाही. विनिमयाची जोखीम एका देशाच्या मध्यवर्ती बँकेने उचललेली. आणि कर्जाचा दर ठेवीच्या दराहून खरोखरच कमी, बोलण्यातला नव्हे. यांतील एक कडी निसटली असती तर? नऊ लाखांवरचा दर सहा टक्के झाला असता, तर पन्नास हजारांच्या व्याजातून चोपन्न हजार द्यावे लागून उलट पदरचे चार हजार गेले असते. शिवाय हे दार ज्यांच्याकडे आधीच लाखभर डॉलर पडून होते त्यांच्यासाठी होते. जबल अलीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या फिटरला किंवा शारजाच्या शाळेतील शिक्षिकेला कोणत्याही बँकेने हा प्रस्ताव दिला नाही. त्यांना देऊ केले जाते ते पगारावरचे कर्ज आणि बाजारावर हेलकावे खाणारा फंड. आणि उदाहरण मात्र त्या श्रीमंत ठेवीदाराचे सांगितले जाते.

पगारावरच्या कर्जाचे येथील स्वरूप आपल्या वाचकांना परिचित आहे, तरी मांडणे आवश्यक आहे. ८ हजार दिरहम पगार असणाऱ्याने वीस पटींचे पूर्ण कर्ज, म्हणजे १ लाख ६० हजार घेतले, तर वरच्याच दराने त्याचा हप्ता सुमारे ३,८७० दिरहम होतो, पगाराच्या जवळजवळ निम्मा. नोकरी सुटल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. मूळ वेतन ४ हजार असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी १४ हजार होते. बँका बहुधा कंपनीकडून लिहून घेतात की ही रक्कमही पगाराच्या त्याच खात्यात येईल. म्हणजे ती प्रथम बँकेच्या हाती पडते. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला बेरोजगारी विमा मूळ वेतनाच्या ६० टक्के, तोही जास्तीत जास्त तीन महिने देतो; आपल्या उदाहरणात महिना २,४०० दिरहम, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक हप्ता. घरभाडे आणि मुलांची शाळा अजून बाजूलाच आहेत.

आणि नोकरी कधी जाते? २००८ च्या जानेवारीत मुंबईचा सेन्सेक्स २१ हजारांच्या वर गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्या खाली आला. नेमके त्याच महिन्यांत दुबईतील बांधकामे थांबली आणि कामगार-अभियंते परत पाठविले गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये तर दुबई वर्ल्डने आपल्याच कर्जाची फेड लांबणीवर टाकण्याची विनंती केली. ज्याने येथे कर्ज काढून तेथे शेअर बाजाराच्या फंडात पैसे घातले होते त्याची नोकरी आणि त्याचा फंड ही दोन्ही एकाच वाऱ्याने कोसळली. सेन्सेक्स २०१० च्या नोव्हेंबरात पुन्हा २१ हजारांवर पोहोचला हे खरे. पण ज्याला २००९ मध्येच युनिटे विकून बँकेचे देणे भागवावे लागले त्याला त्या चढाचा काय उपयोग? दीर्घ मुदतीत बाजार वर जातो, असे जे सांगितले जाते ते खोटे नाही. मात्र दीर्घ मुदत थांबण्याची ऐपत कर्जदाराजवळ नसते. युनिट ट्रस्टच्या 'युएस-६४' मध्ये आपल्या कितीतरी कुटुंबांनी निवृत्तीचा पैसा ठेवला होता. जुलै २००१ मध्ये त्या योजनेतून पैसे काढणे सहा महिन्यांसाठी बंद झाले. स्वतःचा पैसा असेल तर सहा महिने दात-ओठ खाऊन काढता येतात, बँकेचा हप्ता मात्र सहा महिने वाट पाहत नाही.

पूर्वी मायदेशी परतलेल्या कर्जदाराला येथील बँक काही करू शकत नाही असा समज होता. तो आता टाकून द्यावा. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेखाली संयुक्त अरब अमिरातीला अन्योन्य प्रदेश म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे येथील न्यायालयाच्या दिवाणी निवाड्याची अंमलबजावणी भारतातील जिल्हा न्यायालयात मागता येते. न वटलेल्या धनादेशाबद्दलचा येथील फौजदारी कायदा जानेवारी २०२२ पासून पुष्कळ सौम्य झाला, तुरुंगाची भीती कमी झाली, हे चांगलेच. पण देणे सौम्य झालेले नाही.

एक विषय अप्रिय आहे, तरी टाळणे बरे नव्हे. असल्या योजना आपल्याकडे बहुधा ओळखीच्या माणसाच्या तोंडून येतात. बुद्धवंदनेनंतरच्या चहापानात, जयंतीच्या कार्यक्रमाच्या मागल्या रांगेत, 'आपला माणूस' म्हणून. आपल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. दुबईतील एक्झेन्शियल प्रकरण आपल्यापासून फार दूरचे नाही. त्याचा सूत्रधार सिडनी लिमोस हा गोव्याचा. २५ हजार डॉलर भरा, परकीय चलनाच्या व्यवहारातून वर्षाला १२० टक्क्यांपर्यंत मिळवून देऊ, असे त्या मंडळींचे आश्वासन होते. हजारो लोकांनी पैसे भरले, आणि त्यांतील पुष्कळांनी ते बँकांचे वैयक्तिक कर्ज काढून भरले. आरंभी काही महिने पैसे येत राहिले, त्यामुळे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणले. २०१६ साली कार्यालयाला कुलूप लागले. २०१८ साली न्यायालयाने लिमोस आणि त्याच्या एका सहकाऱ्यास पाचशे वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा ठोठावली. ठेवीदारांचे बँकांना द्यावयाचे हप्ते मात्र तसेच चालू राहिले. न्यायालयाने कितीही वर्षे दिली तरी हप्ता एका दिरहमनेही कमी होत नाही.

सर्वच विक्रेते असे नसतात, हे मान्य. पण कायदेशीर योजनांतही पाहण्यासारखे बरेच असते. पंचवीस वर्षे मुदतीच्या ज्या बचत योजना येथे अनेक वर्षे विकल्या गेल्या, त्यांतील कित्येकांत पहिल्या दीड-दोन वर्षांचे हप्ते जवळजवळ विक्रेत्याच्या दलालीपोटीच खर्ची पडत आणि मध्येच बाहेर पडणाऱ्याला जबर कपात सोसावी लागे. विमा प्राधिकरणाने २०१९ साली नियम करून या दलालीला आवर घातला आणि ते २०२० पासून अंमलात आले. विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा : या व्यवहारात तुम्हाला किती मिळणार, आणि केव्हा? उत्तर देताना तो विषय बदलू लागला तर आणखी काही विचारण्याची गरज उरत नाही.

आता त्या तरुणांच्या आक्षेपाकडे येऊ. ते म्हणतात, व्यापारी जाती दुसऱ्याच्या भांडवलावर मोठ्या झाल्या. आपण मात्र पै-पै साठवीत बसलो तर पिढ्यान्‌पिढ्या नोकरच राहू. या बोलण्यात तथ्य आहे आणि आम्हांस ते झिडकारावयाचे नाही. आपल्या समाजाला भांडवल हवे आहे, आणि ते केवळ पगारातून उभे राहणार नाही. परंतु व्यापारी जे कर्ज घेतो ते स्वतःच्या हाताखालच्या धंद्यात घालतो. माल पडून राहिला तर भाव कमी करतो, गिऱ्हाईक शोधतो, रात्र जागवतो. फंडात पैसे घातलेल्या कर्जदाराच्या हाती काय असते? सकाळी उठून आकडा पाहणे. शिवाय व्यापाऱ्याचा एक डाव फसला तर सासरे, मेहुणे, जातीची पेढी मागे उभी राहते. आपल्यांपैकी बहुतेकांच्या मागे उभे राहणारे तेच आई-वडील असतात ज्यांना आपण दरमहा पैसे पाठवितो. तेथून मदत यावयाची नाही. मदत तेथे जावयाची आहे. ज्याला धंदा करावयाचा आहे, ज्याने माल, गिऱ्हाईक, परवाना यांचा अभ्यास केला आहे, त्याने जरूर कर्ज काढावे, आणि संघटनेतील जाणत्यांनी त्याचा हिशोब तपासून द्यावा. मुलीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी काढलेले कर्ज आम्ही निराळ्या खात्यात धरतो. १९२० चे ते पाच हजार रुपये याच खात्यातले.

भगवान बुद्धांनी गृहस्थाला दारिद्र्याचा उपदेश केला नाही, हे आपल्यांपैकी काहींना ठाऊक नसते. सिगालोवाद सुत्तात त्यांनी मिळकतीचे चार भाग सांगितले : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. निम्मी मिळकत व्यवसायात घाला असे सांगणारा उपदेश भित्रा म्हणता येणार नाही. मात्र भाग पाडावयाचे ते मिळविलेल्या धनाचे. आणि अनाथपिंडिकाला, जो स्वतः श्रावस्तीचा मोठा व्यापारी होता, गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यांनी अनृणसुखाला, म्हणजे कोणाचे काहीही देणे नसण्याच्या सुखाला, स्वतंत्र स्थान दिले.

मग बचत कशी करावी? नवे काही शोधण्याची गरज नाही. प्रथम क्रेडिट कार्डाचे देणे संपवावे. येथे त्यावर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, आणि ते फेडण्याइतका खात्रीचा लाभ जगातला कोणताही फंड देत नाही. त्यानंतर सहा महिन्यांचा घरखर्च दिरहममध्येच हाताशी ठेवावा. पुढची बचत रुपयांत ठेवावयाची की दिरहम-डॉलरमध्ये, हे निवृत्तीनंतर आणि मुलांच्या शिक्षणासाठी खर्च कोठे होणार यावर ठरवावे. पुण्यात राहावयाचे असेल तर रुपयांतील ठेव हीच स्वाभाविक, मूल परदेशी शिकणार असेल तर नव्हे. शेअर बाजाराच्या फंडाशी आमचे वैर नाही, दहा-पंधरा वर्षांसाठी पगारातून दरमहा थोडेथोडे अवश्य घालावे. आपल्या भगिनींच्या भिशीचीही कोणी थट्टा करू नये. तिच्यात व्याज नसते हे खरे. परंतु दलाली नसते, करारनामा नसतो, आणि महिना चुकविला तर मैत्रिणी घरी येतात. तेवढी शिस्त महागड्या योजनांतही आढळत नाही.

ज्यांनी कर्ज आधीच काढलेले आहे आणि गुंतवणूकही केलेली आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. घाबरून फंड तोट्यात विकण्यापूर्वी बँकेकडून उरलेल्या मुद्दलाचे पत्र मागवावे. मुदतीपूर्वी फेड करण्याचे शुल्क उरलेल्या मुद्दलाच्या एक टक्क्याहून किंवा १० हजार दिरहमहून, यांपैकी जे कमी त्याहून, अधिक घेता येत नाही. आपल्या एक लाखाच्या उदाहरणात बावीस हप्ते भरून झाल्यावर सुमारे ५७ हजार ८०० मुद्दल उरते आणि उरलेले सव्वीस हप्ते सुमारे ६२ हजार ८०० चे होतात. म्हणजे सुमारे ५ हजार व्याज अद्याप द्यावयाचे असते आणि मोकळे होण्याचे शुल्क ५८० च्या घरात. ठेवीत पडलेल्या पैशावर त्या सव्वीस महिन्यांत, दरमहाचा हप्ता त्यातूनच भरत गेल्यास, याहून अधिक व्याज मिळणार नसेल तर ठेव मोडून कर्ज फेडावे. शेअरच्या फंडाबाबत निर्णय अवघड आहे आणि तो घरच्या दोघांनी मिळून घ्यावा. कित्येक घरांत कर्जाचा आकडा पत्नीला ठाऊकच नसतो, हे आम्हांस अत्यंत अनुचित वाटते. कर्ज फिटल्यावर बँकेकडून देणे नसल्याचे लेखी पत्र घ्यावे, आरंभी सही करून दिलेला तारणाचा धनादेश परत मागावा, आणि दोन्ही मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.